पासंग

मॅनेजर बिरादार साहेब,
तुमचं रजिस्टर मिळालं.
उदगीरहून निघालेल्या पत्राला उदगीरलाच पोचायला सहा दिवस.
पोस्टमननं दारात सही घेतली तेव्हा
नसीमाला वाटलं, कोर्टाचंच आहे.

पत्रात लिहिलंय, नजरचुकीने.
चौदा महिने रात्रपाळीचा भत्ता दोनदा पडला,
एकूण अकरा हजार तीनशे चाळीस,
पंधरा दिवसांत भरावेत, अन्यथा.
अन्यथाच्या पुढं काही नाही.
मी कागद उलटा करून पण बघितला.

आकडा बरोबर आहे.
सत्तावीस रात्री, रात्रीचे तीस,
महिन्याचे आठशे दहा.
सतरा वर्षं दाल मिलच्या काट्यावर बसलेल्या माणसाला
गुणाकाराला वकील लागत नाही.

पण पहिल्याच महिन्यात, आखाडात,
पगाराची चिठ्ठी घेऊन मी ऑफिसात गेलो होतो.
राजेश्वर होता, नवीन पोरगा, नवीन कॉम्प्युटर.
म्हणलं, बाबा, ह्यात काहीतरी जास्तीचं आहे.
स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला,
मामू, मशीन चुकत नसती.

मशीन किती चुकते ते मला विचारा.
पावसाळ्यात प्लॅटफॉर्मखाली चिखल साचला
की चाळीस किलो तूर
कुणाचीच नसते.

तरी मी परत फिरलो. मागं रांग होती,
आणि खरं सांगायचं तर
घरी येताना थोडा खूशच होतो.
हे लिहू नका म्हणते नसीमा.
लिहितो.

पैशाचं काय केलं, तुम्ही विचारलेलं नाही.
धाकटीची नांदेडची मेस.
अम्मीची कवळी, जी ती लावत नाही,
स्टीलच्या डब्यात ठेवते, पाहुण्यांना दाखवते.
बाकीचं मला पण सांगता यायचं नाही.
आठशे दहा रुपये घरात पाहुण्यासारखे बसत नाहीत,
चप्पल काढतात आणि घरचेच होतात.

काट्याचं काम निघालं होतं त्या साली
नऊ दिवस माझा खाडा लावलात.
मी रोज येत होतो साहेब,
गेटवर खुर्ची टाकून
गाड्यांना जळकोट रोडचा काटा दाखवत होतो.
त्या नऊ दिवसांचं रजिस्टर
मी तुम्हाला पाठवलेलं नाही.
आताही पाठवत नाही, नुसतं
आठवलं म्हणून लिहिलं.

देणार नाही असं नाही. एकदम होणार नाही.
महिन्याला तीनशे जमतील,
पण आधी चौदाही महिन्यांच्या चिठ्ठ्या द्या, शिक्क्यासकट.
भरल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची,
दोन्ही पावत्या बघितल्याशिवाय
निव्वळ वजनावर सही करायची नाही,
हे मला तुम्हीच शिकवलं.

आणि एक.
राजेश्वरला काढलं असं ऐकलं, त्याला पण असंच पत्र गेलंय म्हणे.
एकच पैसा दोघांकडून मागू नका.
पोराचं लग्न ठरलंय, औरादच्या पलीकडं कुठं तरी.

कळावे,
मैनोद्दीन बाबूमियाँ पटवेकर
काटा, पूर्वीचा


पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं.
तेवीस ग्रॅम. वीसच्या वर, म्हणजे पुढचा दर.
जुनी खोड. म्हणलं, ताई,
पाकीट जरा उचलता का?

रिकाम्या ताटलीत चार ग्रॅम दिसत होते.

बाई हसल्या नाहीत, चिडल्या नाहीत.
फुंकर मारून धूळ उडवली, बटण दाबलं,
शून्य आलं.
पाकीट परत ठेवलं. एकोणीस.

सुट्टे खिशात टाकून मी बाहेर आलो
आणि पायऱ्यांवर, उन्हातच,
थोडा वेळ बसून राहिलो.